आपोआप जमणाऱ्या कणांची व न जमणाऱ्या मंडळाची हकीकत

॥ श्री ॥ जे डोळ्यांस दिसत नाही, ज्यास कोणी बोलावीत नाही, तरी वेळ होताच आपले ठायी आपण जमते, त्या सूक्ष्मास दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, भृगुवार म्हणजे शुक्रवार, ते दिवशी राज्यात सर्व यथास्थित होते. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे अच्युतराव बेलवलकर म्हणून रसायनविद्येत निपुण गृहस्थ असत. त्यांणी चौदा वर्षे खपून एक औषध सिद्ध केले. दिसण्यात निव्वळ पाणी. परंतु आत कण ऐसे, की केसाचे जाडीत हजारो मावावे. ते जखमेत ओतावे, आणि शरीराची ऊब लागताच कणाने कणाचा हात धरावा, मग जाळे विणावे, आणि वाहते रक्त त्यात अडून थांबावे. कोणी हुकूम करीत नाही, मुकादम उभा राहात नाही. घडणच ऐसी की ज्याने त्याने आपली जागा ओळखावी. सशांवर प्रयोग उत्तम वठला. आता माणसांवर चालविण्यास मान्यतामंडळाची मोहर पाहिजे होती. मंडळ सात स्वामींचे, म्हणजे सभासदांचे, आणि पाच हजर असल्यावाचून सभा भरू नये ऐसा कायदा.

मंडळाचे चिटणीसपण अच्युतरावांची कन्या चारुता हिजकडे होते. मत देण्याचा अधिकार तिजला नव्हता. नोटिसा धाडाव्या, हजेरी लिहावी, इतकेच. पहिले सभेस चार स्वामी आले. दुसरे सभेस चारच आले, परंतु त्यांत तिघे निराळे. तिसरे सभेस एक कमी पडले, ते स्वामी परदेशी गेले होते आणि तेथे "सूक्ष्म कण आपोआप कसे जमतात" या विषयावर व्याख्यान देत होते. चौथे सभेस पाचवे स्वामी चुकोन शेजारचे दालनात शिरले, आणि तेथील पतपेढीचे सभेचे अध्यक्षपद भूषवून, आभार मानून, नारळ घेऊन घरी गेले. ऐशा अकरा सभा जाहल्या आणि अकरा वेळा चारुतेने वहीत सुवाच्य अक्षरांनी लिहिले, "मंडळ जमले नाही."

आरंभी सांगितलेल्या त्या शुक्रवारी दुपारी अच्युतरावांचा फोन आला.

"चारू, आज येतेस का गं? बाटली मुठीत धरायची, उलटी करायची, पडत नाही ते बघायचं आणि जायचं. मूठभर वेळ लागतो. अक्षरशः मूठभर."

"आज नाही जमत, बाबा."

"माझ्या कणांना बघ, नोटीस नाही, भत्ता नाही, तरी जमतात. तुझे ते सात शहाणे—"

"बाबा, शहाणे म्हणू नका. मी चिटणीस आहे, मला ऐकू येतं."

"बरं, सात स्वामी. जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली, आणि जेवली नव्हती. अर्जदाराचे घरी चिटणिसाने गेलेले लोकांस बरे दिसणार नाही, म्हणून ती आठ महिने बापाचे प्रयोगशाळेत गेली नव्हती. तैसा नियम कोठे आहे म्हणून पुसावे, तर नियम नव्हता. पुसले कोणी नाही, तिणेही नाही.

दुसरे दिवशी सकाळी अच्युतराव प्रयोगशाळेचे पायरीवर बसले, पाणी मागितले, आणि पाणी येईतो निवर्तले.

मग तेरावा होताच मंडळाने दुखवट्याची सभा बोलाविली. आणि काय सांगावे, सातही स्वामी आले. वेळेपूर्वी आले. दालन चुकणारे स्वामी सर्वांआधी येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले होते. अच्युतरावांचे हाताखाली वीस वर्षे राबलेल्या झरीनाबीही आल्या, आणि त्यांणी चारुतेचे हाती बोटाएवढी बाटली दिली. वर चिठ्ठी डकविली होती: "चारूसाठी."

"साहेब दर सोमवारी ताजी भरून ठेवायचे," झरीनाबी बोलिल्या. "म्हणायचे, या आठवड्यात येईल."

मग चारुतेने बाटली मेजावर ठेविली आणि ती उभी राहिली. "सातही स्वामी हजर आहेत. अर्ज अकरा सभा थांबलाय. घ्यायचा का?"

मुख्य स्वामी चष्मा पुसत म्हणाले, "ताई, शोकसभेत कामकाज बरं दिसेल का? शिवाय अर्जदार समक्ष लागतो."

"प्रतिनिधी चालतो की," दुसरे म्हणाले.

"चालतो. पण त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर अर्जदाराची सही हवी."

"मग घेऊन या सही," तिसरे बोलिले, आणि बोलून त्यांचे त्यांसच उमगले, आणि त्यांणी चहाचा पेला तोंडास लाविला.

चारुतेने वही उघडिली. "अकरा वेळा मी इथे 'मंडळ जमले नाही' लिहिलं. ते खोटं आहे. ऊब मिळाली नाही तर कण जमत नाहीत, त्यांना तसं म्हणावं. तुम्हाला जमत होतं. तुम्ही आला नाहीत." आणि तिणे अकराही ओळींवर काट मारून "मंडळ आले नाही" ऐसे लिहिले.

मग कमळजाबाई म्हणून वृद्ध शल्यवैद्या त्या मंडळात होत्या, त्यांणी बाटली उचलोन मुठीत धरिली, थोडे थांबल्या, आणि उलटी केली. पाण्याचा थेंब पडला नाही.

"अर्जदार हा काय हजर आहे," त्या म्हणाल्या. "हे माझ्या टेबलावर नव्हतं म्हणून किती बाळंतिणी गेल्या ते मोजायला लावू नका मला. कागद आणा."

त्यांणी सही केली, मग आणखी चौघांनी केली. उरलेल्या दोघांची गाडी खाली थांबली होती, ते निघोन गेले. पाच पुरे होते. मोहर जाहली.

येणेप्रमाणे जे काम कणांस मूठभर उबेत साधते, त्यास राज्यास बारा सभा आणि एक माणूस लागले. राहिले ते इतुकेच. दालन रिकामे जाहले, आणि मेजावर बाटली गार होऊन आत पुन्हा पाणी हिंदकळत होते. चारुतेने ती मुठीत धरिली, हवा तितका वेळ धरिली, मग उलटी केली. पडले नाही. तेव्हा ती रिकाम्या खुर्च्यांसमोर मोठ्याने बोलिली, "बाबा, मला जमत होतं. प्रत्येक वेळी जमत होतं. मी आले नाही."