बेलापूरच्या कट्ट्यावर सुधीरचं पान

आमच्या दिनामामांना मनातल्या मनात वाचताच येत नाही. पेपर असो, लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं मोठ्यानेच. बेलापुरात बुद्धविहाराच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी त्यांचं पेपरवाचन चाले आणि अख्खी गल्ली ऐके. मधेच कुणी बोललं की ओरडायचे, "गप रं, बातमी सांडंल!"

नव्याण्णव सालची गोष्ट. मी श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. मामांचा सुधीर अमेरिकेत नोकरीला. आमच्या गल्लीतून विमानात बसलेला पहिला पोरगा, छाती फुगणारच! पण पत्राचा भारी कंटाळा. फोन आलाच तर "बरा आहे, ठेवतो." मग कळलं, गडी इंटरनेटवर रोज लिहितो. आज शेंबडं पोरही त्याला ब्लॉग म्हणेल. तेव्हा समजावता समजावता मला घाम फुटला.

"मामा, रोजनिशीच असते. पण कुणीही वाचावी अशी."

"कुनीबी? मग रोजनिशी कसली, चावडीच की ती!" मामांचा चेहरा पडला. "जगाला सांगतो, बापाला सांगायला तोंड न्हाई व्हय?"

तरी शनिवारी मी छापून आणलेले कागद त्यांनी हिसकावलेच. अग्रलेखानंतर, बाजारभावाच्या आधी सुधीरचं पान. इंग्रजीचं जागच्या जागी मराठी करायचे. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात इंग्रजी हजेरीपत्रकं लिहिण्यात उगाच नव्हती हयात काढली! मी कागद देऊन घरात स्वयंपाकाला लागायचे. गल्लीच्या हिशेबाने सुधीर आधी जेवायचा आणि मग भाजी आणायला जायचा. अमेरिकेत तशीच पद्धत असेल, म्हणून कुणी हटकलं नाही.

एका शनिवारी बाहेर एकदम आरडाओरडा. बघते तर मामा अनवाणी एसटीडी बूथकडे पळताहेत. शेवटच्या कागदावर होतं, 'ताप चढलाय. पाणी द्यायलाही कुणी नाही.'

"मामा, तो बरा आहे! नवं लिहिलेलं वर असतं, जुनं खाली!" मी मागून पळत ओरडले.

"पावसाळ्यात वर्षावासाला विहारात ग्रंथ वाचतो, त्यो शेवटाकडनं वाचतो व्हय आपन?" म्हणत त्यांनी फोन लावलाच.

"सुध्या, ताप हाय?"

"दादा, ताप जाऊन चार दिवस झाले."

"पानी कोन देतं रं तुला? तुझी आई असती तर..." कारखान्यात भल्याभल्यांना दम देणारा माणूस, बूथवाल्यासमोर हुंदके देऊन रडला.

पुढच्या शनिवारचं पान मराठीत होतं, इंग्रजी अक्षरांत. मामा एकेक अक्षर लावत वाचू लागले, "दादा, आज मेथीची भाजी केली. कडू झाली. आई गेल्यावर तुम्ही करायचा, ती कशी करायचा?"

मामांनी तेवढंच पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

शेजारच्या पारूमावशी हळूच म्हणाल्या, "अवो, हे तर घरातलं बोलनं. सारं जग वाचंल की!"

मामा ताठ बसले.

"वाचू दे की जगाला. लिव्हतोय मला."