वेस्ट थॅचबरीच्या स्थापनेमागचे मंजूर हेतू

माणसाने काय करावं हे त्याच्या हातात असतं. ते का केलं, हे मात्र त्याच्या मागे राहिलेल्यांच्या हातात असतं. मागे राहिलेल्यांना फावला वेळ असेल, तर त्याचा हेतू दर पिढीला सुधारत जातो.

आमच्या वेस्ट थॅचबरीत हे काम इतिहास मंडळाची हेतू-समिती पाहते. (ईस्ट थॅचबरी नावाचं गाव नाही. ते का नाही, याचा तपास १८९४ पासून एका उपसमितीकडे आहे.) मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराकडचं हे चारशे बारा वस्तीचं गाव. मी इथे लग्न होऊन आले त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे पाहुणी म्हणून मला सगळीकडे फार अगत्यानं वागवतात.

गावाचे संस्थापक दोन: चर्चचे डीकन हेझेकाया लूडलम आणि कॅप्टन ॲमॉस ट्विचेल. १७२६ च्या एप्रिलात दोघं दोन बैलगाड्या घेऊन खालच्या खोऱ्यातून निघाले आणि आमच्या ओढ्यापाशी थांबले. जमीन मोकळी होती (तिच्यावर राहणारे लोक सोडून). इथपर्यंत दोन्ही घराण्यांचं एकमत आहे. ते का थांबले, या प्रश्नावर मात्र गेली तीनशे वर्षं गावात दोन चर्च, दोन दफनभूमी आणि दर शनिवारी बीन्सची दोन जेवणं चालू आहेत. जेवणांची वेळ एकच असते. बीन्सही एकाच दुकानातून येतात.

समितीचा तौलनिक तक्ता मंडळाच्या दारातच टांगलेला आहे. डावीकडे डीकन लूडलम. जन्म गरिबीत, स्वभाव गंभीर, हेतू धर्म. उजवीकडे कॅप्टन ट्विचेल. जन्म गरिबीत पण ताठ मानेनं, स्वभाव करारी, हेतू स्वातंत्र्य. मधे 'साम्य' असा रकाना आहे. त्यात इतकी वर्षं 'टोपी' एवढंच लिहिलेलं आहे.

हेतू ही जिवंत वस्तू आहे, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. एकट्या डीकनचा हेतू आजवर सहा वेळा बदलला. इंग्लंडच्या राजाविरुद्ध युद्ध सुरू झालं, तेव्हा डीकन मुळात राजावरच्या रागामुळे घर सोडून निघाले होते असं ठरलं. (ते त्याच्या अठरा वर्षं आधीच वारले होते, आणि दर रविवारी राजाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करत वारले होते.) पुढे दारूबंदीची लाट आली, तेव्हा ते रमच्या तिटकाऱ्यानं निघाले होते असं सिद्ध झालं. परसात सापडलेली भट्टी औषधी ठरवण्यात आली. गुलामगिरीवरून देशात युद्ध पेटलं, तेव्हा डीकनना गुलामगिरीची पहिल्यापासून घृणा होती असा ठराव झाला. त्यांच्या मृत्युपत्रात बैलांच्या वरच्या ओळीत 'सीझर, वय अंदाजे वीस' असं लिहिलेलं आहे. सीझर हे बैलाचं नाव असावं, असं समितीचं मत आहे. वीस वर्षांचा बैल वारसाहक्कानं कोण देतं, असं मी एकदा विचारलं. मला अगत्यानं कॉफी देण्यात आली.

तर यंदा तीनशेवं वर्ष. दर मार्चमध्ये ग्रामसभेच्या दिवशी सकाळी, सभेआधी, नगरगृहात चौथीच्या मुलांचं मेणाचं प्रदर्शन भरतं. मेण नसतं, मुलंच असतात. जुन्या काळचे कपडे घालून प्रत्येक मूल पुतळ्यासारखं उभं राहतं. छातीवर लाल कागदाचं बटण. आपण बटण दाबायचं की पुतळा आपलं जीवन आणि हेतू सांगतो, आणि परत मेणाचा होतो. शिंक आली तरी पापणी हलवायची नाही. गावातल्या मोठ्या माणसांत या शिक्षणाचा प्रभाव आयुष्यभर दिसतो.

माझी थेआ चौथीत आहे. तिनं सायलेन्स लूडलम व्हायचं ठरवलं. सायलेन्स म्हणजे डीकनसाहेबांची बायको. (त्या काळी मुलींची नावं अशी आशेनं ठेवत.) वर्गशिक्षिका मिस पेलेटिए म्हणाल्या, हरकत काहीच नाही, फक्त हेतू-पत्र लागेल. शाळेत ज्या व्यक्तीचं बटण दाबायचं, तिचा हेतू समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. नमुन्यात चार पर्याय असतात: (अ) धर्म, (ब) स्वातंत्र्य, (क) जमीन, (ड) इतर, असल्यास अ पाहा. 'क' आजवर कोणी निवडलेला नाही. त्या जागेची शाई अजून ताजी दिसते.

मी थेआला घेऊन समितीपुढे गेले. आठ महिन्यांचा इझ्रा कडेवर होता, कारण दुसरीकडे कुठे तो राहत नाही. अध्यक्षा विनिफ्रेड लूडलम, वय एक्याऐंशी. चिटणीस रॉस्को ट्विचेल. खिळे, रंग आणि बर्फ उपसायची फावडी विकतात. दोघं एकमेकांशी चाळीस वर्षं फक्त इतिवृत्तातून बोलतात. थेआचा अर्ज पाहून मात्र त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

"पोरी, त्या बाईंना हेतू नव्हता," रॉस्को म्हणाले. "नवरा निघाला म्हणून निघाल्या. त्याला हेतू नाही म्हणत, त्याला सामान म्हणतात."

विनिफ्रेडबाईंनी हरकत घेतली नाही.

सायलेन्सबाईंचं एकच स्मारक मंडळाकडे आहे: त्यांची हस्तलिखित पाककृतींची वही. ती काचपेटीत ठेवलेली आहे आणि १९५१ पासून मक्याच्या पुडिंगच्या पानावर उघडी आहे. शाळेतलं प्रत्येक मूल ते पुडिंग पाहूनच मोठं झालं. बाईंच्या स्वभावाविषयी जी माहिती उपलब्ध आहे (काकवी दोन पेले, ढवळत राहणे) ती सगळी त्या पानावरून घेतलेली आहे.

थेआनं काचेला नाक लावलं आणि विचारलं, पुढच्या पानावर काय आहे.

"पुढच्या पानावर पुढचा पदार्थ," रॉस्को म्हणाले.

"तुम्ही बघितलंय?"

"बघायचं काय त्यात? वही पाककृतींची आहे."

ही गोष्ट मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. पंचाहत्तर वर्षं एका गावानं एक पान उलटलं नाही, याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. एवढं सातत्य बेफिकिरीत नसतं. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. ती मंडळाच्या साखरेच्या बरणीत होती. विनिफ्रेडबाईंनी हातमोजे घातले, पेटी उघडली आणि पान उलटलं. अक्षर बारीक, पण स्वच्छ होतं. त्यांनीच मोठ्यानं वाचलं:

'बाळ तीन दिवस झोपलं नाही, दात येताहेत. हे आणि कॅप्टन पुढे जायचं की मागे फिरायचं यावर सकाळपासून वाद घालताहेत. इथे ओढ्याच्या आवाजानं आत्ता त्याचा डोळा लागला. मी सांगितलं, आता जो कोणी बैल हाकील त्याच्याशी मी मरेपर्यंत बोलणार नाही. थांबलेत.'

खाली, त्याच शाईत: 'लोणी कमी पडलं.'

मी इझ्राला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दुसरं काय करणार होते? तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचे दंड कुठे दुखत होते, ते मला नेमकं ठाऊक होतं.

समितीनं त्याच दिवशी बंद खोलीत दोन तास विचार केला. निर्णयाची प्रत मला टपालानं आली (माझं घर मंडळाच्या समोरच आहे). त्यात तीन मुद्दे होते. एक, दात येणं हा हेतू नमुन्यात नाही. दोन, बाळ अज्ञान असल्यामुळे त्याची झोप संस्थापक मानता येत नाही. तीन, मानली तर गावाला तिसरं चर्च बांधावं लागेल, आणि तिसरं बीन्सचं जेवण पचवण्याची गावाची क्षमता नाही. सबब वही पूर्ववत पुडिंगवर आणण्यात आली आहे. अर्जदार मुलीला डीकनच्या शेजारी टोपी घालून उभं राहता येईल. बटण मिळणार नाही. प्रकार: सजावट.

थेआ रडली नाही. तिनं टोपीला इस्त्री मागितली. मी इस्त्री करत होते, तेव्हा ती गृहपाठाची वही घेऊन आली. घरातल्या दोन व्यक्तींची जीवनं आणि हेतू यांची तुलना करा, असा स्वाध्याय होता. तिनं विचारलं, "आई, तू या गावात का आलीस?"

मी म्हटलं, तुझे बाबा इथे होते म्हणून.

"म्हणजे सामान," ती म्हणाली, आणि तसं लिहिलं. अक्षर तिचंही बारीक, पण स्वच्छ आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी इझ्राचा वरचा दात यायला निघाला. तो पहाटे पाचपासून रडत होता. फ्रिजमध्ये गारढोण केलेला चमचा, ओला रुमाल, त्याच्या आजोबांचा किल्ल्यांचा जुडगा, काही चाललं नाही. नगरगृहात एकशे तीस माणसं होती. डीकन आणि कॅप्टन झालेले दोन मुलगे समोरासमोर उभे होते, आणि दोन्ही घराण्यांचे लोक आपापल्या संस्थापकाचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. धर्म, स्वातंत्र्य, धर्म, स्वातंत्र्य. मुलांचे आवाज बसत चालले होते. डीकनशेजारी थेआ पांढऱ्या टोपीत उभी होती. तिच्यापुढून माणसं खांबापुढून जावीत तशी जात होती. मी इझ्राला थोपटत तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, नुसती सोबत म्हणून. तिथे, दहाला तीन मिनिटं कमी असताना, त्यानं माझ्या खांद्यावर तोंड खुपसलं आणि झोपला.

रॉस्कोंनी कॅप्टनचं बटण दाबायला बोट उचललं. पलीकडून एका लूडलमानं डीकनचं.

"बाळ झोपलंय," सजावट म्हणाली. पापणी हलली नव्हती, ओठही जेमतेम हलले. "आता जो कोणी आवाज करील, त्याच्याशी मी मरेपर्यंत बोलणार नाही."

नगरगृह थांबलं.

पहिली पाच मिनिटं लोक बाळासाठी थांबले, असं मी म्हणेन. पुढची पासष्ट मिनिटं मात्र लूडलम हलत नव्हते कारण ट्विचेल हलले नव्हते, आणि ट्विचेल हलत नव्हते कारण लूडलम उभे होते. या काळात चौतीस पेले कॉफी गार झाली. दोघांना मुंग्या आल्या. दहा वाजता सभाध्यक्षांनी सभा सुरू करायला हातोडा उचलला आणि तो आपल्या मफलरवर अलगद ठेवून दिला. तीनशे वर्षांत दोन्ही घराणी एकाच जागी, एकाच कारणानं थांबली होती ती ही पहिलीच खेप (पहिली खेप सोडून).

अकरा वाजून सात मिनिटांनी इझ्रा आपणहून जागा झाला. इकडेतिकडे पाहिलं आणि रॉस्कोंकडे बघून हसला. दात आला होता.

तेव्हा विनिफ्रेडबाई काठी टेकत आल्या. थेआच्या एप्रनवर, जिथे बटण नव्हतं तिथे, त्यांनी एक बोट हलकेच दाबलं.

"मी सायलेन्स लूडलम," थेआ म्हणाली. "मला आठ मुलं झाली. तीन जगली. मी इथे थांबले, कारण माझं बाळ झोपलं होतं आणि मी दमले होते. बाकीचे माझ्याबरोबर आले." एवढं सांगून ती परत मेणाची झाली.

विनिफ्रेडबाईंनी काठीनंच एक खुर्ची तिच्यामागे ओढली. मग म्हणाल्या, "टेका आता जरा, सायलेन्सबाई. खूप वेळ उभ्या आहात."

इतिवृत्तात याची नोंद पुढीलप्रमाणे आहे: 'सभा एक तास सात मिनिटे उशिरा सुरू. विलंबाचा हेतू: लूडलम घराण्याचा श्रद्धा; ट्विचेल घराण्याचा शिस्त. बटण नसलेल्या कोणत्याही व्यक्तीने भाषण केले नाही.' तौलनिक तक्त्यात 'साम्य' या रकान्यात टोपीपुढे 'वक्तशीरपणा' अशी भर पडली आहे. वही पुडिंगवर आहे. विनिफ्रेडबाईंनी मात्र समितीचा राजीनामा दिला, आणि साखरेच्या बरणीत किल्ली सापडत नाही.

तुम्ही आमच्या गावाला हसला असाल, तर ते योग्यच आहे. तुमच्याही घराण्याचा एक मूळपुरुष असेलच. कुठूनतरी निघून कुठेतरी वस्तीला राहिलेला. त्याचा हेतू तुम्हाला तोंडपाठ असेल: देव, देश किंवा पराक्रम, यांपैकी एक. आता त्याच्या बायकोचं नाव सांगा. (सावकाश आठवा. घरी कोणाला विचारलंत तरी चालेल.)

नाही आठवलं तर मनाला लावून घेऊ नका. आमच्या हेतू-समितीत सध्या एक जागा रिकामी आहे, आणि पात्रतेची अट एवढी एकच आहे.