चोर नऊ, पहारेकरी शून्य

साहेबांना तो कागद सकाळी सव्वादहाला झेरॉक्स मशीनच्या काचेवर सापडला. कोणीतरी प्रत काढून मूळ कागद तिथेच विसरलं होतं. लोकांनी बसमध्ये विसरलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या ऑफिसात खुद्द कर्मचाऱ्यानेच विसरभोळेपणा करावा, हा साहेबांच्या लेखी गुन्हाच. पण त्यांनी कागद उलटला आणि तो गुन्हा त्यांच्या डोक्यातून साफ गेला.

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चोर एवढे का टिकतात?' त्याखाली, 'आपल्या ऑफिसात: चोर नऊ, वैद्य दोन, मांत्रिक शून्य, पहारेकरी शून्य.' आणि त्याखाली कारणं. एक, चोराला फार साधनं लागत नाहीत. दोन, समोरच्याचंच घेऊन समोरच्यावर वापरता येतं. तीन, वरच्यांनी दोनदा हात छाटले तरी चोर नवी वाट काढतात. चार, नवा माणूस आला की जुने त्याला चोरच व्हायला सांगतात.

साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या हाताखाली माणसं होती बरोबर अकरा. नऊ आणि दोन अकरा!

खरी गोष्ट ऑफिसात साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ खेळत. खेळायला बसताना आधी कोण व्हायचं ते ठरवायचं, चोर, वैद्य, मांत्रिक की पहारेकरी. ज्याने जे निवडलं त्याला त्या तऱ्हेचे पत्ते. चोर फारच माजले म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी दोनदा त्यांचे पत्ते कमजोर केले, तरी लोक चोर व्हायचं सोडत नव्हते. काउंटरवरच्या बाई पडल्या शिस्तीच्या. त्या वैद्य होऊन रोज हरत होत्या, तेव्हा आपण का हरतो याचा छडा लावायला त्यांनी हे टिपण केलं होतं.

पण हे साहेबांना सांगणार कोण? साहेब कोणाबरोबर जेवत नसत. डबा दार लावून खात. बावीस वर्षं हरवले-सापडले विभाग सांभाळून त्यांचा एक स्वभाव बनला होता. छत्री न्यायला आलेल्या माणसाने छत्रीची खूण सांगितली नाही, तर तो लबाड. आणि बिनचूक सांगितली, तर महालबाड. "आपल्या छत्रीला काड्या किती, हे सज्जन माणसाला माहीत असतं का हो?" असं ते विचारत.

साहेब तडक गोदामात गेले आणि त्यांनी छत्र्या मोजल्या. रजिस्टरात चारशे बारा होत्या. रॅकवरही चारशे बाराच भरल्या. एकही कमी नाही! तिथे मात्र त्यांची खात्रीच पटली. साधी माणसं काम करतात तिथे दोन-चार इकडच्या तिकडे होतातच. इतका चोख मेळ सराईतालाच जमतो.

अक्षर बाईंचं होतं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सरळ प्रश्न विचारला की समोरचा सावध होतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे त्यांनी नुसता कागद पुढे सरकवला.

"अगंबाई, सापडला का!" बाई खुलल्या. "मी सकाळपासून शोधतेय. तुम्ही वाचलात का, साहेब?"

"वाचला. हे नऊ जण... किती दिवसांपासून?"

"गोदामवाले काका सगळ्यांत जुने. तीन वर्षं तरी झाली असतील. बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं. टेम्पोवाला लंबू तर आता त्यांच्याही पुढे गेलाय."

साहेबांनी टेबलाची कड धरली. "आणि तुम्ही?"

"मीही आधी चोरच होते," बाई सहज म्हणाल्या. "पण मग मन लागेना. रोज काय तेच तेच? आता वैद्य झालेय. कोणाला लागलं-खुपलं की सावरून घ्यायचं, झाकायचं, एवढंच काम."

"झाकायचं," साहेब पुटपुटले. "आणि पहारेकरी एकही नाही?"

"पहारेकरी कोण होणार हो साहेब! नुसतं एका जागी उभं राहायचं, सगळ्यांवर डोळे वटारायचे, तोवर चोर घेऊन पसार. हसतात सगळे त्याला."

बावीस वर्षं एका जागी उभं राहून डोळे वटारलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागलं असेल, याची बाईंना कल्पना नव्हती. साहेबांनी आवाज खाली आणून शेवटचा प्रश्न विचारला. "मुख्य ऑफिसात काय परिस्थिती आहे?"

"तिकडे? तिकडे तर झाडून सगळे चोर!"

त्याच दुपारी साहेब गोदामात छत्र्यांच्या तिसऱ्या रॅकमागे एका खोक्यावर दबा धरून बसले. थोड्या वेळाने काका आणि लंबू डबे घेऊन आले.

"काय काका, काल कोणाला लुटलंत?"

"कॅन्टीनवालीला. शेवटचं एक राहिलं होतं तिच्याकडे, तेही काढून घेतलं. रडकुंडीला आली बिचारी."

"दया नाही का आली?"

"दया कसली आणतोस? उद्या तीच मला लुटेल."

साहेबांच्या अंगाला घाम फुटला. कपाळ पुसायला त्यांनी हात वर केला, तो कोपर एका बटणाच्या छत्रीला लागला. छत्री फाडकन उघडली. तिने शेजारचीला ढकललं, शेजारचीने तिच्या शेजारचीला. बघता बघता तिसरा रॅक फुलून आला आणि त्या फुलोऱ्यातून साहेबांचं डोकं हळूहळू वर आलं.

"साहेब?" काका घास हातात धरून उभे राहिले. "तुम्ही काय करताय इथे?"

"मोजतोय," साहेब म्हणाले.

"बसून?"

मानेवरची एक छोटी फुलाफुलांची छत्री बाजूला करून साहेब निघून गेले. लंबूने काकांकडे पाहिलं, काकांनी लंबूकडे. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा जणांच्या मनात एकच शंका घर करून बसली. साहेब एकटेच, गुपचूप, सुट्टीच्या वेळी छत्र्यांमध्ये काय करत होते?

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासायला सुरुवात केली. स्वतः उभे राहून. बाईंच्या पर्समधून चष्म्याचं घर निघालं, लंबूच्या पिशवीतून एकच मोजा. काकांची पिशवी उघडली तर आत रिकामा डबा, गुडघ्याला लावायचं मलम आणि नातीसाठी घेतलेली खडूची पेटी. साहेबांनी पेटीसुद्धा उघडून पाहिली.

काका शांतपणे म्हणाले, "उघडा म्हणालात, उघडली. आता बंद तुम्ही करा."

साहेबांनी खडू पेटीत भरले. त्यांना एक खडू नीट बसवता येईना. काका तिथून हलले नाहीत. मागे माणसं खोळंबली होती. त्या रात्री साहेबांना जेवण गोड लागलं नाही; पण कागद तर कागद होता, आणि बाईंनी तोंडाने कबूल केलं होतं.

आता पुरावा हवा होता. साहेबांनी गळ टाकायचं ठरवलं. बायकोची छत्री घरात दाराशी टांगलेली असे. जांभळी, पोपटाच्या तोंडाची लाकडी मूठ, बघताच हात लावावासा वाटेल अशी. ती त्यांनी कोणाला न सांगता उचलली, मुठीच्या आत पेन्सिलीने बारीक फुली मारली आणि तिसऱ्या रॅकवर ठेवून दिली. ना चिठ्ठी, ना रजिस्टरात नोंद. बावीस वर्षांत त्यांनी नियम मोडला तो एवढाच.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. छत्री जागची हलली नाही. "नऊ चोर, आणि एकालाही मोह नाही," साहेब मनाशी म्हणाले. "म्हणजे यांना कुणकुण लागलीय." तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. मुख्य ऑफिसात झाडून सगळे चोर असले, तरी तपासनीस नवीनच बदलून आले होते. निदान ते तरी अजून बिघडले नसतील, या आशेने साहेब त्यांना आणायला गेले.

ते बाहेर पडले आणि काकांना रॅक पुसताना बिनचिठ्ठीची छत्री दिसली. त्यांनी ती तशीच नेऊन बाईंच्या हातात दिली. बाईंनी रजिस्टर उघडून नोंद केली, 'सापडण्याचं ठिकाण: आपलंच गोदाम.'

अर्ध्या तासाने काउंटरवर एक बाई आल्या. त्यांची छत्री तीन दिवसांपासून सापडत नव्हती. बसमध्येच राहिली असणार. जांभळी, पोपटाची मूठ, काड्या आठ. घरी नवऱ्याला त्या काही बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर त्याने आधी विचारलं असतं, "हरवलीस, की कोणाला दिलीस?" आणि मग दोन दिवस तोच विषय. काउंटरवरच्या बाईंनी खुणा पडताळून पाहिल्या, नाव-पत्ता लिहून घेतला, सही घेतली आणि छत्री दिली. त्या साहेबांच्या पत्नी आहेत हे ओळखायला त्यांना आधी कोणी पाहिलेलं असायला हवं होतं. साहेबांनी घराला आणि ऑफिसाला कधी एकमेकांची भेट घडू दिली नव्हती.

साहेब तपासनिसांना घेऊन आले ते थेट तिसऱ्या रॅकपाशी. जागा रिकामी होती.

"गेली!" साहेब जवळजवळ आनंदाने ओरडले. "बघा, गेली! सगळ्यांना बोलवा!"

अकरा जण ओळीने उभे राहिले. साहेबांनी छत्रीचं वर्णन केलं आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं.

"ती होय?" बाई म्हणाल्या. "ती मालकीणबाई घेऊन गेल्या ना."

"मालकीण? कोण मालकीण? शक्यच नाही! आणा ते रजिस्टर!" साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि तपासनिसांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "घर क्रमांक सतरा... दुसरा मजला... पाण्याच्या टाकीसमोर..." पाण्याच्या टाकीपाशी आवाज बारीक झाला. सहीपाशी तो आलाच नाही.

"कोणाचा पत्ता आहे हा?" तपासनिसांनी विचारलं.

"माझा," साहेब म्हणाले.

तपासनीस हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ही नोंद नसलेली छत्री तुमच्या गोदामात होती, आणि ती तुमच्या घरी गेली."

"माझ्या घरचीच आहे ती!"

"मग इथे कशी आली?"

"मी आणली."

"आणि नेली कोणी?"

"माझ्या बायकोने."

"मग चोरी कसली?"

साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून खिशातून तो कागद काढला. "हे वाचा म्हणजे कळेल तुम्हाला, हे लोक कोण आहेत ते!"

तपासनीस वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली. साहेबांना हायसं वाटलं. तपासनिसांनी मान वर केली आणि विचारलं, "कोणी लिहिलंय हे?"

"मी," बाई दबकत म्हणाल्या.

"तिसरं कारण पटत नाही. चोर टिकतात ते नवी वाट काढतात म्हणून नव्हे. त्या पत्त्यांची लोकांच्या हाताला सवय झालीय. मी दोनदा मांत्रिक होऊन पाहिलं, पण चोराचे पत्ते दिसले की बोटं आपोआप तिकडेच जातात. खेळाच्या यादीत तुम्ही कितव्या नंबरपर्यंत पोहोचलात?"

"मी कुठली पोहोचते! काका पोहोचलेत, चाळिसाव्या."

"चाळिसाव्या!" तपासनिसांनी काकांशी हात मिळवला.

साहेब आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होते. मग लंबूने मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला आणि पत्त्यांवरची चित्रं दाखवली. हा चोर, हा वैद्य, आणि हा भाला घेऊन उभा, तो पहारेकरी. साहेबांनी पहारेकऱ्याच्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. नंतर ते काकांपाशी गेले.

"काका, माझं चुकलं. त्या दिवशी फाटकावर... फार चुकलं."

काकांनी खोक्यावरची धूळ फडक्याने झटकली. "बसा साहेब," ते म्हणाले. "आज जेवायला इथेच बसा."

तपासनिसांना अहवाल लिहावाच लागला. 'गेल्या बावीस वर्षांत या कार्यालयात नियम डावलून ठेवलेली वस्तू: एक. संबंधित व्यक्ती: कार्यालयप्रमुख.' साहेबांनी त्यावर निमूटपणे सही केली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते घरी आले ते गुणगुणत. बायकोने हातातलं काम थांबवलं. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"आज खेळलो मी. जेवणाच्या सुट्टीत. सगळ्यांबरोबर."

"पहारेकरीच झाला असाल."

"छे! चोर झालो."

"तुम्ही? चोर?"

"अगं, त्याच्यासारखं सुख नाही," साहेब बूट काढता काढता म्हणाले. "एरवी बावीस वर्षं मी शोधतोय, यातला चोर कोण, यातला चोर कोण. तिथे बसलो आणि डोक्याचा ताप एकदम उतरला. चोर कोण, ते मला आधीच माहीत!"

"मग जिंकलात?"

"चारही डाव हरलो," साहेब म्हणाले. "उद्या डबा जरा जास्त दे. काकांना तुझ्या हातची भाजी खाऊन बघायचीय."