नऊ फवारे, पिण्यास अयोग्य

"एकही वस्तू हरवणार नाही, एकीचीही अदलाबदल होणार नाही, आणि संध्याकाळी सहाला ज्याची वस्तू त्याच्या हातात, एका मिनिटात!"

भर बैठकीत एवढं बोलून केमिस्टबाई खाली बसल्या आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. या सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेत त्यांना तेरा वर्षं झाली होती, आणि तेरा वर्षांत त्या बैठकीत बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. आवाज मुळात इतका हळू, की फोनवर पलीकडचा माणूस "लाइन खराब दिसते" म्हणून ठेवून देई. पण त्या दिवशी त्या संतापल्या होत्या. आणि एरवी हळू बोलणारं माणूस संतापलं की कसला विडा उचलून बसेल, त्याचा नेम नाही!

संताप होता परिपत्रकाचा. वरच्या कुठल्याशा कार्यालयात कोणीतरी तावातावाने कोणावर तरी कात्री उगारली होती म्हणे. लगेच सगळीकडे फर्मान सुटलं: 'कर्मचाऱ्यांनी स्वसंरक्षणार्थ बाळगलेली शस्त्रे, साधने व तत्सम वस्तू कार्यालयीन वेळेत सुरक्षित कपाटात जमा कराव्यात.'

आता, केमिस्टबाईंच्या पर्समध्ये अशी एक वस्तू होती. मिरचीचा फवारा. अंगठ्याएवढी डबी, पण तिच्या जोरावर त्या रोज घरी पोहोचत होत्या.

प्रयोगशाळेच्या मागच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत दहा मिनिटांची वाट. एका अंगाला सरकारी भिंत, दुसऱ्या अंगाला बंद गोदामं, पार शेवटाला एक टायरवाला. या वाटेवर तीन आठवडे एक मोटरसायकलवाला त्यांच्या मागे लागला होता. पहिल्या आठवड्यात लांबून. दुसऱ्यात शीळ घालत. तिसऱ्यात इतका जवळून, की त्याच्या गाडीचा आरसा त्यांच्या पर्सला घासून गेला. गाडीला नंबरपाटी नव्हती. केमिस्टबाईंनी तारीख, वेळ, अंतर, सगळं टिपून साहेबांकडे तीन अर्ज केले.

पहिल्या अर्जावर साहेब म्हणाले, "एकटाच आहे ना? टोळी तर नाही? मग!"

दुसऱ्यावर म्हणाले, "तो रस्ता आपल्या हद्दीत येत नाही."

तिसऱ्यावर म्हणाले, "मॅडम, वेळ बदलून बघा ना."

"ऑफिसची?"

"छे हो! तुमची."

त्या घरी येऊन हे सांगत असताना त्यांच्या नणंदेने हातातला कांदा असा चिरला, की जणू साहेबच पाटावर आडवे पडलेत. दुसऱ्या दिवशी तिने फवारा आणून वहिनीच्या हातात ठेवला. "वहिनी, हा घे. डोळ्यांवर धरायचा आणि दाबायचा. आधी अर्ज करत बसू नकोस!"

आणि आता तोच फवारा जमा करा म्हणे!

जमा करायच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नऊ बायकांच्या पर्समधून नऊ फवारे निघाले. एका कार्यालयात नऊ बायका नऊ फवारे घेऊन का येतात, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. त्यांना एवढाच प्रश्न पडला, की कपाट कोणाच्या गळ्यात मारायचं!

"हे कोणी सांभाळायचं?" साहेबांनी विचारलं. सगळे एकदम छताकडे बघू लागले.

केमिस्टबाईंनी विचार केला. दुसऱ्या कोणी सांभाळलं, तर सहा वाजता किल्ली सापडायची नाही. किल्ली सापडली, तर फवारा सापडायचा नाही. आपल्या जिवाची वस्तू निदान आपल्या नजरेखाली तरी राहील. म्हणून त्या उठल्या आणि ते लांबलचक वाक्य बोलून गेल्या.

काम त्यांनी चोख केलं. त्यांना एकच पद्धत ठाऊक होती: पाण्याच्या नमुन्यांची. प्रत्येक वस्तूला क्रमांक, क्रमांकाची चिठ्ठी, चिठ्ठीवर दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, आणि वहीत नोंद. कपाट ठेवलं नमुने घेण्याच्या खोलीत, कारण अख्ख्या इमारतीत दोन्ही दारं नीट मिटतील असं कपाट तिथेच होतं.

परिपत्रकातल्या 'तत्सम'ने मात्र पहिल्याच सकाळी गोंधळ घातला.

ड्रायव्हर टायर काढायची टॉमी घेऊन आला. "मॅडम, ही घ्या. आणि दुपारी गाडी पंक्चर झाली, तर तुम्हीच दातांनी चाक काढा!"

टायपिस्टबाईंनी कात्री दिली, छत्री दिली, मग अंबाड्यातला आकडा उपसून टेबलावर आपटला. "हाही घ्या! खुपसला तर लागतो. नखंही कापून देऊ का?"

"बाई, माझ्यावर का ओरडता?"

"मग कोणावर ओरडू? साहेबांच्या केबिनला दार आहे!"

एका बाईने शिट्टी दिली, एकीने तिखटाची पुडी. संध्याकाळपर्यंत पंधरा वस्तू सील होऊन कपाटात ओळीने बसल्या. बरोबर सहाला केमिस्टबाईंनी ज्याची त्याला परत केली. एकालाही मिनिटभरापेक्षा जास्त लागलं नाही! साहेब केबिनबाहेर येऊन म्हणाले, "वा! योजना यशस्वी." केमिस्टबाईंना परिपत्रकाचा राग होताच, पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. त्या दिवशी मोटरसायकलवाला नुसताच मागून आला. त्यांनी मुठीतला फवारा दाखवला, तसा तो मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी वस्तू जमा करून, सील करून, केमिस्टबाईंना विहिरींचे नमुने आणायला गावाबाहेर जावं लागलं. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली नमुना-कारकुनाकडे दिली.

हा कारकून म्हणजे 'शिक्का'. दुसऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. टेबलावर जे येईल त्यावर तो शिक्का मारी. एकदा स्वतःच्या डब्यावर मारला होता. दुपारी त्याने काही कामासाठी कपाट उघडलं, आणि बघतो तो काय! पंधरा वस्तू. सगळ्यांना क्रमांक, चिठ्ठी, दोरा, लाख. नमुना म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? फक्त चाचणीचा रकाना कोरा.

शिक्क्याला घाम फुटला. सीलबंद नमुना चोवीस तासांच्या आत टेबलावर गेलाच पाहिजे, असा प्रयोगशाळेचा नियम. त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, कपाटातल्या पंधरांचं काय करायचं?"

साहेब जेवत होते. "नियमाप्रमाणे करा!" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग काय! शिक्क्याने पंधरा शिक्के मारले आणि पंधरा वस्तू 'ब्युरेट'च्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

ब्युरेट म्हणजे दुसरा केमिस्ट. त्या नावाच्या काचनळीसारखा उंच, बारीक, आणि बोलायचा तोही थेंबाथेंबाने. आपल्या टेबलावर काय आलं आणि का आलं, हे विचारणं त्याला उद्धटपणा वाटे. आला नमुना, कर चाचणी! त्याने धूर ओढणाऱ्या पेटीत नऊ फवारे एकेक करून नऊ चंचुपात्रांत रिकामे केले. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण हात हलला नाही. माणूस इतका काटेकोर, की प्रत्येक चाचणी तीन-तीनदा केली. त्यामुळे प्रत्येक डबीत उरला तर जेमतेम एखादा थेंब. तिखटाची पुडी त्याने पाण्यात विरघळवली. शिट्टी अर्धा तास उकळली. छत्री, कात्री, टॉमी आणि अंबाड्याचा आकडा यांच्यापुढे 'अविद्राव्य' लिहिलं. मग नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तूला नवा दोरा, नवी लाख, आणि सगळं परत कपाटात. जसंच्या तसं!

केमिस्टबाई पावणेसहाला परतल्या. चपलांना विहिरीचा चिखल, डोक्यात ऊन. कपाट उघडलं. सगळी सीलं शाबूत. सहाच्या ठोक्याला सगळ्यांना सगळं परत, पुन्हा एका मिनिटात! स्वतःचा फवारा उचलताना तो हलका वाटला खरा. पण दिवसभर वीस-वीस किलोच्या पेट्या उचलल्या होत्या, त्यानंतर काय हलकं वाटणार नाही?

त्या मागच्या फाटकातून बाहेर पडल्या.

गोदामांपाशी मागून इंजिनाचा आवाज आला. आज तो मागे राहिला नाही. पुढे आला, गाडी आडवी घातली, बंद केली आणि पाय टेकून म्हणाला, "रोज काय चालता? बसा की मागे."

केमिस्टबाईंनी आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुलपं. त्यांनी सील तोडलं, फवारा नणंदेने सांगितला तसा धरला, आणि दाबला.

फुस्स!

पुन्हा दाबला. एक नारिंगी थेंब तोंडाशी आला, जरा विचार केला, आणि त्यांच्याच चपलेवर पडला.

तो हसला. पोट धरून हसला! "अत्तर लावताय का बाई?"

तेव्हा काय झालं, ते केमिस्टबाईंना नंतरही नीट सांगता आलं नाही. तेरा वर्षं गळ्याच्या तळाशी साचलेलं सगळं एकदम उसळून वर आलं.

"हसतोस? माझ्यावर हसतोस? तीन आठवडे! सहा तारखेला सहा वाजून चार मिनिटं! सात तारखेला सहा वाजून नऊ! पर्सला आरसा घासलास, माझ्या अंगापासून अकरा सेंटिमीटरवरून! अर्ज क्रमांक एकशे चौदा! एकशे एकोणीस! एकशे सत्तावीस! वेळ बदलू मी? मी बदलू? रस्ता काय तुझ्या बापाने आंदण दिलाय?"

आवाज असा निघाला, की गोदामांचे पत्रे थरथरले. तिकडून टायरवाला हातात पान्हा घेऊन धावत आला, त्याच्या मागे दोन गिऱ्हाइकं. मोटरसायकलवाला किका मारू लागला. गाडी काही चालू होईना! केमिस्टबाईंनी पुढे होऊन किल्ली उपसली आणि गटारात भिरकावली.

"काढ आता! उतर गटारात आणि काढ!"

तो उतरला खरा, पण गटारात नाही. गाडी तिथेच टाकून जो पळाला, तो थेट नजरेआड! टायरवाल्याने गाडी ढकलत पोलीस चौकीत नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोडवायला तो स्वतःच्या पायांनी चौकीत गेला, आणि तिथेच बसवून ठेवला गेला. नंबरपाटी नसलेली गाडी आपलीच आहे, हे त्याने स्वतःच कागदपत्रांनिशी सिद्ध केलं होतं.

त्याच सकाळी केमिस्टबाईंच्या टेबलावर सहीसाठी अहवाल येऊन पडले होते. त्यांनी पहिला उचलला. 'रंग: नारिंगी. वास: आक्षेपार्ह. चव: घेता आली नाही. निष्कर्ष: नमुना पिण्यास अयोग्य.' असे नऊ. शिवाय एक छत्रीचा.

ब्युरेट समोर उभा होता, डोळे अजून लाल. "काही... चुकलं... का?"

केमिस्टबाईंनी त्याला चांगलं फैलावर घ्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांना तातडीने केबिनमध्ये बोलावलं.

साहेब खुशीत होते. "काल रस्त्यात एक किरकोळ प्रकार घडला असं कळलं. पण बघा! मॅडमनी शस्त्राचा वापर न करता तो निभावला. म्हणजे शस्त्राची गरजच नाही, हे सिद्ध झालं! योजना यशस्वी. तसं वर कळवतोय. आता कोणाची काही तक्रार असेल, तर मनमोकळं बोला. बोला मॅडम, आज तुम्हीच बोला!"

तेरा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी त्यांना "बोला" म्हटलं होतं. खोलीतल्या आठही बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. केमिस्टबाई उठल्या, श्वास घेतला, तोंड उघडलं.

आवाज नव्हता! कालच्या त्या दोन मिनिटांत घसा पार फाटला होता. आतून नुसती हवा आली, ट्यूबचा वॉल्व्ह सैल असावा तशी.

साहेबांनी चांगलं अर्धं मिनिट वाट पाहिली. मग टायपिस्टबाईंना म्हणाले, "लिहा. कोणाचीही तक्रार नाही."

टायपिस्टबाईंचं पेन उचललेलं तसंच राहिलं. केमिस्टबाईंनी ॲप्रनच्या खिशातून बाटल्यांवर क्रमांक घालायचं जाड काळं पेन काढलं. साहेबांचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. आणि टेबलाच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यापासून, वळणदार अक्षरात लिहायला सुरुवात केली. साहेब "अहो... अहो मॅडम!" म्हणत एकेक फाइल उचलत मागे सरकत गेले. टेबल सहा फुटांचं होतं. पुरलं नाही. शेवटच्या चार ओळी खिडकीवर गेल्या.

ते पेन पाण्याने जात नाही. स्पिरिट लागतं. आणि स्पिरिट कपाटातून काढायला केमिस्टबाईंची सही लागते.

ती त्यांनी अजून केलेली नाही.