बखर अनसूच्या बिनमोहोरेच्या पेटीची

नादास नमन, पत्र्यास नमन, विस्तवास नमन, आणि ज्या अनाम लेकराने पहिल्याने ताणलेल्या तारेस बोट लावून "हे काय वाजले?" ऐसे विचारिले, त्या लेकरास दंडवत. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, माघ मास. ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. बाळांनो, आधी डोळे मिटा आणि मनात एक राज्य उभे करा. त्यास नाव देऊ नका, नाव दिले की लोक भांडतात. त्या राज्यास तट घाला, तटास सात दरवाजे ठेवा, आणि मधोमध एक वाद्यशाळा बांधा, आणि तिच्या भिंतीस गिटारी टांगा, कारण की त्या राज्यात तुतारी मागे पडून गिटार हेच राजवाद्य जाहले होते. आता गिटारीतून एक तार निघते, ती पायाखालच्या एका लहान पेटीत शिरते, आणि पेटीतून दुसरी तार निघून मोठ्या कर्ण्यास मिळते. पेटीवरची कळ पायाने दाबली की गोड सूर खरबरीत होतो, जैसा शांत मनुष्य एकाएकी गरजावा. या पेटीस तेथील लोक पेडल म्हणत. दिसले? मग डोळे उघडा आणि ऐका.

त्या वाद्यशाळेवर रघोपंत मुतालिक यांचा अंमल असे. पंत कानाचे तयार, परंतु मनाचे अरुंद. त्यांनी कायदा केला की, सवारीपुढे वाजविणाऱ्या राजपथकात जागा हवी त्याचे पेडल दरबारी कोठारातलेच असावे, त्यावर मोहोर असावी, आणि त्याचे पोटात काळी लाख ओतलेली असावी, जेणेकरून आतील करामत कोणाचे दृष्टीस पडू नये. लाख एकदा थिजली की पेटी बनवणारासही आतले काही दिसत नसे. कोणी पुसले, "ऐसे का?" तर पंत म्हणत, "सगळ्यांस कळले तर आम्हांस कोण विचारील?" आणि ऐशा मोहोरेच्या पेट्या सरदारांचे घरी जात, कासारआळीत एकही येत नसे. दरसाल माघी सप्तमीस राजपथकाची परीक्षा होई, त्या साली पथकात एकच जागा रिकामी जाहली, आणि ती जागा कासारआळीतील अनसूस हवी होती. अनसूचे वय वर्षे अकरा. आईबाप सीमेवरील ठाण्यात चाकरीस, सबब ती ठमाआत्यापाशी राहात असे, आणि ठमाआत्या पत्र्याच्या ट्रंका आणि कंदील करीत असत. अनसूचा हात गिटारीवर ऐसा फिरे की आळीतील माणसे हातातले काम थांबवीत. परंतु पेडलावाचून परीक्षेस उभे राहता येत नसे. एके दिवशी तिने मोडका रेडिओ उचलून आणिला आणि म्हणाली, "आत्या, मी पेडल बनवते." ठमाआत्या म्हणाल्या, "बनव की. पण मी तुझ्या हातातला हातोडा धरणार नाही. चुकलीस तर हसेन मात्र पोटभर."

मग अनसूने रेडिओतून दोन ट्रान्झिस्टर काढिले, आणि मूठभर रेझिस्टर, आणि काही कपॅसिटर, आणि वाद्यशाळेतील एका म्हाताऱ्या वादकाने तरुणपणी कागदावर काढिलेला नकाशा मागून आणिला, आणि आठ दिवस बसून कथलाचा डाख देत सर्व जोडिले. तीन बोटे भाजली. त्यांवर ठमाआत्यांनी तूप लाविले आणि म्हणितले, "डाख चमकला तर पक्का, काळवंडला तर कच्चा. कच्चा डाख बोलताना खोकतो." अनसूने काळवंडलेले चार डाख उकलून पुन्हा दिले, आणि सूर खोकायचा थांबला. आता राहिली पेटी. ठमाआत्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून दिला आणि आपल्या धंद्याची रीत सांगितली, "आखायचं सुईनं, आणि वाकवायचं असं की सुईची रेघ आत जाईल. रेघ आत, रूप बाहेर. ट्रंकेवर ओरखडा दिसला की नवरीची सासू नाक मुरडते." अनसूने रीत पाळिली. तिने नकाशा पत्र्यावर ठेविला, त्यातील खुणांप्रमाणे उजव्या अंगास दोन भोके आखिली, एक गिटारीच्या तारेचे आणि एक विजेचे, आणि डाव्या अंगास एक, कर्ण्याच्या तारेचे. मग गिरमिटाने भोके पाडिली, कडा कानशीने मऊ केल्या, पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरून शिकंज्यात आवळिला, आणि लाकडी हातोड्याने हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाकविला. कोपरा ऐसा सरळ आला की तिने स्वतःच वाहवा केली. मग पेटी सुलटी ठेविली, आणि पाहते तो काय, उजवीकडची दोन भोके डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे! कारण की नकाशा वरून पाहून काढिलेला, आणि तिने तो पत्र्याच्या आतल्या बाजूस आखिला. रेघ आत गेली, रूप बाहेर आले, परंतु पेटी आरशातली जाहली. आणि ठमाआत्या बोलल्याप्रमाणे पोटभर हसल्या, डोळ्यांस पदर लावून हसल्या, आणि म्हणाल्या, "अगं, हीच चूक मी माझ्या पहिल्या ट्रंकेत केली! कुलूप मागच्या बाजूला गेलं होतं." अनसू चिडून म्हणाली, "मी उलटं वाकवून सरळ करते." तेव्हा ठमाआत्यांनी तिचा हात धरिला. "हा पत्रा मान एकदाच वाकवतो. परत सरळ करशील तर मोडेल, पण वाकणार नाही. त्यापेक्षा तारा फिरव. पेटीला काय ठाऊक, उजवं कुठलं नि डावं कुठलं?" मग अनसूने तारा फिरवून जोडिल्या, आणि पेटी बोलू लागली.

सप्तमीस प्रहरभर दिवस चढता बारा लेकरे वाद्यशाळेत जमली, आणि ठमाआत्या दारापाशी उभ्या राहिल्या. पहिला उठला हैबत, किल्लेदाराचा पुत्र, तेरा वर्षांचा, जरीची टोपी घातलेला. त्याने मोहोरेचे पेडल दाबिले, आणि कर्ण्यातून काहीच आले नाही. पुन्हा दाबिले, तरी नाही. हैबत म्हणाला, "पंत, आत काहीतरी तुटलं असेल. उघडून बघू का?" पंत म्हणाले, "उघडता येत नाही. लाख आहे." "मग दुरुस्त कसं करायचं?" "दुरुस्त करायचे नसते. टाकून द्यायचे, कोठारातून दुसरे येईल, दोन महिन्यांनी." हैबतने टोपी काढून मांडीवर ठेविली आणि तो खाली पाहात बसला. मग अनसूची पाळी आली. पंतांनी तिची पेटी पायाच्या अंगठ्याने सरकविली आणि म्हणितले, "मोहोर कुठे आहे?" अनसू म्हणाली, "मोहोर नाही. पेटी आहे." लेकरे हसली. पंत म्हणाले, "आणि ही उलटी आहे. दरबारी पेटीत गिटारीची तार उजवीकडून शिरते." "हिच्यात डावीकडून शिरते, पंत. तारेला कुठं जायचं ते ठाऊक आहे." पंत म्हणाले, "बिनमोहोरेच्या पेटीस जागा मिळत नाही, कायदा आहे." अनसू म्हणाली, "जागा मिळत नाही असा कायदा आहे. वाजवू नये असा कुठं आहे? दाखवा, मी जाते." पंतांनी कायदा मनात चाळिला, तेथे ऐसे काही नव्हते. सबब म्हणाले, "वाजव. लवकर आटप." आणि अनसूने तारेस हात घातला आणि कळ दाबिली, आणि जो सूर निघाला तो फाटका होता, रुंद होता, आणि कोणासही न भिणारा होता. कौलांवरची कबुतरे उडाली, पागेतील घोड्यांनी कान टवकारिले, आणि हैबतची टोपी मांडीवरून पडली ती त्याने उचलिली नाही.

सूर थांबला, आणि पंतांनी त्याची किंमत ओळखिली, कारण की कानाचे ते खरेच तयार होते. मग त्यांनी अनसूस कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात म्हणितले, "पोरी, जागा तुझी. मोहोरही देतो, आजच देतो. एकच करायचे. पेटीत लाख ओतू, आणि आत काय आहे ते तू कोणास सांगायचे नाहीस." अनसूने मनात मोजिले. राजपथक, सवारी, सातही दरवाज्यांतून मिरवणे, आणि सीमेवरच्या ठाण्यात आईबापांस कळणे. सर्व एका होकाराच्या पलीकडे उभे होते. तिने दाराकडे पाहिले. ठमाआत्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? तुझी पेटी, तुझा पाय." मग तिने पंतांस पुसले, "लाख ओतल्यावर ही मुकी झाली तर?" "टाकून द्यायची." "मी बनवलेली? मला दुरुस्त करता येते तरी?" "तरी." अनसूने हैबतच्या मुक्या पेटीकडे पाहिले, आणि आपल्या भाजलेल्या बोटांकडे पाहिले, आणि म्हणाली, "नको." पंत म्हणाले, "नीट विचार कर. ऐसे दार पुन्हा उघडत नाही." अनसू मोठ्याने म्हणाली, "विचार केला, पंत. जागा ठेवा तुमच्याकडं. मला रडू येतंय, पण म्हणून हो म्हणणार नाही." आणि तिला खरेच रडू आले, आणि ती रडतच आपल्या तारा गुंडाळू लागली. पंत लाल जाहले आणि गरजले, "मग यापुढे या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही!"

सारांश, अनसू कासार हिची जागा गेली, मोहोर गेली, वाद्यशाळेचे दार बंद जाहले. हार ती हारच लिहिली पाहिजे. राजपथकात त्या साली दुसरेच कोणी गेले, त्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु बाळांनो, अनसूने पुढे काय केले ऐसे पुसाल तर, ती उंबरा ओलांडून बाहेर पडली आणि घरी गेली नाही. जेथे पंतांचा अंमल संपतो त्या पहिल्याच पायरीवर, भर उन्हात, तिने बसकण मारिली, फ्रॉकच्या बाहीने नाक पुसले, पेटी मांडीवर उताणी घेतली, आणि बुडाचे चारही स्क्रू काढून झाकण बाजूस ठेविले. मग आत तोंड करून हाक मारिली, "ए हैबत! तुझी मुकी पेटी राहू दे, इकडं ये. आणि तुम्ही सगळे, गर्दी करू नका, बुटके पुढं बसा." एक एक करीत लेकरे उठली, आणि हैबत सर्वांत पुढे बसला, आणि अनसू, पंतांस आत स्पष्ट ऐकू जाईल ऐशा आवाजात, बोट ठेवून सांगू लागली, "तार इथून आत शिरते."