घोडी आणि चार तारा

भीमाशंकर बिराजदारांच्या घरात माणसांपेक्षा हत्यारांची बडदास्त जास्त होती. सूतगिरणीत बत्तीस वर्षं फिटरकी करून ते निवृत्त झाले आणि पाने, पकडी, कानशी असा सगळा लवाजमा घेऊन घरी आले. भिंतीवर एक मोठी फळी ठोकली, तिच्यावर प्रत्येक हत्याराची पेन्सिलीने आकृती काढली आणि ज्याला त्याला आपापल्या आकृतीत टांगलं. एकदा बायकोने नारळ फोडायला हातोडी नेली, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

अशा माणसाने त्या शनिवारी दुपारी बायकोच्या तंबोऱ्याची गवसणी सोडली. हेतू अगदी स्वच्छ होता. दाक्षायणीबाईंचं संध्याकाळी सहाला मठात वचनगायन, म्हणजे कानडी भक्तिवचनांचं गाणं होतं. बायकांच्या मंडळात त्या बरीच वर्षं गात होत्या, पण एकटीने पुढे बसून गायची ही पहिलीच खेप, आणि आठवडाभर त्यांना धड जेवण जात नव्हतं. आता त्या जावेकडे, शिवलीलाकडे तालमीला गेल्या होत्या आणि चारला परतणार होत्या. तेवढ्यात आपला काही हातभार लागला तर लागू दे, असं भीमाशंकरांच्या मनात आलं.

त्यांनी सहज एक खुंटी पिळून पाहिली. ती करकरली. करकरणारी वस्तू तेल मागत असते, हे त्यांना बत्तीस वर्षांत यंत्रांनी शिकवलं होतं. त्यांनी तेलाची बुधली आणली आणि चारही खुंट्यांना दोन-दोन थेंब पाजले. तंबोऱ्याची खुंटी करकरते म्हणूनच जागेवर राहते, हे त्यांना सांगणार कोण? पाच मिनिटांत चारही खुंट्या उलट्या फिरल्या, तारा सैल पडल्या, आणि त्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती घोडी भोपळ्यावरून घसरून फरशीवर आदळली. तिचा एक पाय मोडला.

भीमाशंकरांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. त्यांनी चुलतभावाला, सिद्धनाथला फोन लावला. तो मांडव घालण्याचा धंदा करायचा आणि सोलापुरात कोणती वस्तू कुठं मिळते हे त्याला बरोबर ठाऊक असायचं.

"सिद्धू, एक घोडी पायजे. चारच्या आत."

"मिळंल की अण्णा. कसली पायजे?" मांडववाल्याच्या लेखी घोडी एकच, वरातीची.

"पांढरी. पाठ सपाट पायजे. जुनीचा पाय मोडलाय."

"अरारा. वर कोण बसणार?"

"तारा बसणार की. दुसरं कोण बसतंय?"

"तारा?"

"चार हायत. चारी नीट बसल्या पायजेत. एक जरी ढिली पडली तर सगळा खेळ बिघडतोय."

"चार," सिद्धनाथ हळूच म्हणाला. "वैनीला ठावं हाय का?"

"तिला कळू द्यायचं न्हाय, म्हणून तर तुला सांगतोय. ती यायच्या आत बसवून टाकायचं."

सिद्धनाथ फोन ठेवून जवळच्या खुर्चीत बसला. त्रेसष्ट वर्षांचा अण्णा, परक्या बाईशी कधी मान वर करून बोलला नाही, आणि आता एकदम चार. पण धंदा धंद्याच्या जागी आणि नातं नात्याच्या जागी, हा त्याचा हिशेब पक्का होता. त्याने आधी घोडीवाल्या बिरप्पाला फोन करून पांढरी घोडी सांगितली, वर चार तारा बसणार हेही सांगितलं, आणि मग घरी फोन करून बायकोला, शिवलीलाला बाकीचं सांगितलं. बायकोच्या शेजारीच दाक्षायणीबाई गात बसल्या होत्या.

इकडे भीमाशंकर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. नवी घोडी येईपर्यंत जुनीचा पाय चिकटवून पाहू, म्हणून त्यांनी झटपट चिकटणारा गोंद काढला. पाय चिकटला, आणि त्याच्याबरोबर त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोटही चिकटलं. ते सोडवायची खटपट चालली असतानाच बाहेर घुंगरं वाजली.

दारात झूल घातलेली पांढरीशुभ्र घोडी उभी होती. लगाम धरून उभ्या असलेल्या बिरप्पाने रामराम केला. "नवरदेव कुटं हायत?"

"कसला नवरदेव?"

"मग तारा कोण? चार बसणार म्हणं. मालक, माझी घोडी गुणाची हाय, पर एका टायमाला एकच बसवत्ये."

समोरचे चन्नप्पा बनियनवरच ओट्यावर आले. त्यांच्यामागे गल्लीच आली. भीमाशंकरांच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. त्यांनी हात वर केला आणि बोटांना चिकटलेली ती वीतभरही नसलेली वस्तू सगळ्यांना दाखवली. "अरे, ही घोडी. तंबोऱ्याची. मला असली पायजे होती."

बिरप्पाने वाकून निरखून पाहिलं. "लंगडी हाय की ओ," तो म्हणाला.

एवढ्यात रिक्षा थांबली. दाक्षायणीबाई उतरल्या, मागोमाग शिवलीला उतरली. बाईंनी घोडीकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तारा कुटं हायत?"

"आत हायत," भीमाशंकर म्हणाले. "सैल पडल्यात." आणि त्यांनी पुन्हा हात वर केला.

बाईंना सगळं एका नजरेत कळलं. बिरप्पा घोडी घेऊन परत गेला. शिवलीला पदराआड हसत नवऱ्याला फोन लावायला बाजूला गेली. दाक्षायणीबाईंनी नवऱ्याला आत नेलं, वाटीत खोबरेल तेल घेतलं आणि त्यांचं एकेक बोट सोडवायला बसल्या.

"आज तुझा कार्यक्रम, आन् मी हे असं," भीमाशंकर म्हणाले. "मला लई वंगाळ वाटतंय. तू म्हणशील ते..."

"सुम्निर्री," बाई म्हणाल्या. रागावल्या की त्या कानडीत शिरायच्या, आणि गप्प बसा हे तर त्यांचं ठेवणीतलं कानडी.

पण भीमाशंकरांना राहवेना. "तंबोऱ्याबिगर गाशील कशी?"

"रोज गाते तशी."

बाईंनी तेलकट बोटाने फोनवर एके ठिकाणी दाबलं. खोलीत तंबोरा वाजू लागला. तोच सूर, रोज पहाटे ज्याच्या सोबतीने भीमाशंकरांचा चहा व्हायचा.

"ह्यो तर आपला तंबोरा."

"फोन हाय. तीन वर्सं झाली. घोडी झिजलीय, मिरजेला नेऊन घासून आणा म्हणून तुमाला चारदा सांगितलं. पुढल्या महिन्यात, म्हणालात. मग मी सांगायचं सोडलं."

गिरणीत तिसऱ्या रांगेतल्या यंत्राची बेअरिंग कुरकुरली तर भीमाशंकर ते दारातून ओळखायचे. आपल्याच घरातला तंबोरा तीन वर्षं मुका आहे, हे मात्र त्यांना कळलं नव्हतं. घोडी मोडल्याचं वाटलं नाही एवढं त्यांना याचं वाईट वाटलं.

"आन् मठात? तितं माणसं बसणार."

"घोडी चिकटवलीय न्हवं? दिसली म्हंजे बास. मी नुसती बोटं फिरवणार, फोन पदराखाली."

"माणसास्नी कळंल की."

"घरात कळलं न्हाय," शेवटचं बोट सोडवत बाई म्हणाल्या, "माणसास्नी कुटनं कळतंय?"

संध्याकाळी मठात गाणं रंगलं. सुरुवातीला दाक्षायणीबाईंचा आवाज किंचित थरथरला, मग असा काही मोकळा झाला की मागच्या बायकांची कुजबुजही थांबली. भीमाशंकर पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. शेजारी चन्नप्पा मान डोलावत होते. मधेच ते कानाशी आले.

"बिराजदार, तंबोरा काय लागलाय हो. ह्यात तुमचाच हात दिसतोय."

"न्हाय," भीमाशंकर म्हणाले. "तिनं एकटीनंच लावलाय."