खवलेपंतांचा ठसा आणि सातशेएकावं पत्र

एका जंगलात, मुलांनो, एक टपालचावडी होती. तुम्ही विचाराल, जनावरं पत्रं कशाला लिहितात? माणसं लिहितात त्याच कारणानं. समोर बोलायची लाज वाटते म्हणून.

चावडीवर खवलेपंत नावाचं एक म्हातारं खवले मांजर बसे. पंत फार शिकलेले होते. वारुळांच्या रचनेवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि तो चुकला असावा अशी शंका त्यांना तेव्हापासून होती. शंका आली की ते अंगाची गुंडाळी करून बसत. दिवसातून चारदा तरी बसत.

जंगलाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर पंत आपल्या पंजाचा ठसा मारत. तो ठसा पाहूनच शेजारची जंगलं पत्र घेत. ठसा नसेल तर टपाल नेणारा पारवा पत्रासकट परत. म्हणून नियम साधा होता: समोर या, तोंड दाखवा, ठसा घ्या.

एके दिवशी धनेशराव आले. त्यांची बायको झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं. नुसती एक फट उरली होती. नवऱ्यानं त्या फटीतून उंबरं भरवायची, तिनं आत बसून खायची.

"पंत, यंदा उंबर डोंगरापलीकडेच पिकलाय. दिवस दिवस तिकडेच जाणार माझे," धनेशराव म्हणाले. "तिथून शेजारच्या देवराईतल्या भावाला पत्र धाडलं, तर ठसा माराल ना? दरवेळी तोंड दाखवायला कुठून येऊ?"

पंतांना वाटलं, खरंच की. भल्या पाखराची अडवणूक कशाला? त्यांनी पाटी लावली: 'कुठूनही, कुणाचंही पत्र येवो. ठसा मिळेल.'

ती पाटी एका खोकडानं वाचली. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ. अंगानं लहान, बाकी नाही.

दुसऱ्या दिवशी देवराईत पंतांच्या ठशाची पाचशे पत्रं पोचली. 'तीन दिवसांत शेपूट दुप्पट. मुळी मागवा.' 'आपले दूरचे काका, एक हत्ती, वारले. चाळीस बांबूची बनं आपल्या नावावर आहेत. आधी एक कोंबडी पाठवावी.' देवराईतल्या सशानं कोंबडी पाठवली. त्याचा काका हत्ती कसा, हे त्याला नंतर सुचलं.

देवराईच्या वेशीवर फलक लागला: 'खवलेपंतांच्या ठशाचं टपाल घेतलं जाणार नाही.'

पंत दोन दिवस गुंडाळीत होते. मग बाहेर आले आणि त्यांनी नवा नियम केला. रहिवाशांपैकी प्रत्येकाला एक गुप्त खूण दिली. लांबून पत्र धाडायचं असेल, तर आधी ती खूण पाठवून आपल्या नावानं चावडीवर येऊन साचलेलं टपाल मागवायचं. खूण जुळली, की समोरच्या खडकाची सावली ओढ्याला टेकेपर्यंत त्याच्या पत्रांवर ठसा मिळेल. पुढे नाही.

नियम चांगला होता, मुलांनो. देवराईनं फलक उतरवला. पंत इथेच थांबले असते तर भागलं असतं. पण शिकलेला प्राणी थांबतो कशाला?

"खूण कुणी चोरली तर?" पंत म्हणाले. म्हणून दर पौर्णिमेला नवी खूण. ती स्वतः चावडीवर येऊन घ्यायची. तीत एक पीस, एक काटा आणि एक बी हवं, आणि ते पूर्वी वापरलेलं नको.

"पंत, माझी खूण मलाच आठवेना," चावडीवरची कारकून साळूबाई म्हणाली. ती साळिंदर होती, त्यामुळे तिला टोचून बोलायची सवय होती.

"म्हणजे ती भक्कम आहे."

असं चाललं असताना धनेशरावांचं पत्र आलं. 'परवा पंख मोडला. पडून आहे. घरी तिच्या चोचीत दोन दिवस काही नाही. त्या फटीतून भरवायला धनेशाचीच चोच लागते. सोबतचं पत्र देवराईत भावाला ताबडतोब धाडा.'

खूण जुनी होती. पौर्णिमा कालच झाली होती.

पंतांनी पत्र उलटंसुलटं केलं.

"अक्षर ओळखलंत ना?" साळूबाईनं विचारलं.

"ओळखलं. धनेशरावांचंच आहे."

"मग मारा ठसा!"

"पण माझ्या ओळखण्यावर मी कितपत विसंबावं?"

"अहो, तिकडे बाई उपाशी मरेल!"

"चुकलो तर देवराई पुन्हा फलक लावील. मग सगळ्या जंगलाची पत्रं अडतील. आपण त्यांना असं करू, नवी खूण घ्यायला या म्हणून कळवू."

"मोडक्या पंखानं?"

पंत गुंडाळीत गेले.

तेवढ्यात खोकडाचा गठ्ठा आला. सातशे पत्रं. खोकडानं एव्हाना या जंगलात रीतसर बीळ खणून रहिवास घेतला होता. पौर्णिमेच्या रांगेत पहिला तोच असे. पीस, काटा, बी, सगळं बिनचूक. साळूबाईनं चारदा तपासलं. नाक मुरडून सातशे ठसे मारायला तिनं पंतांना उठवलं.

ठसे मारता मारता पंत थबकले. मग आयुष्यात पहिल्यांदा ते चावडी सोडून धावले, थेट खोकडाच्या बिळाशी.

"खोकडराव, तुमच्या गठ्ठ्यात हे एक पत्र घालाल का? तुमचंच म्हणून?"

"एवढंच ना, पंत? घाला की!" खोकड हसला. "सातशे काय, नि सातशेएक काय. तुमच्या नियमांमुळेच तर आमच्या पत्रांना एवढा मान!"

देवराईतल्या भावानं तो गठ्ठा फेकून दिला नाही, कारण त्याला खोकडाच्या पत्रांतलं चोच चकाकवणारं तेल हवं होतं. ते शोधता शोधता त्याला आपल्या भावाचं पत्र सापडलं. तो उडाला. तिसऱ्या दिवशी ढोलीच्या फटीत उंबर गेलं, आणि आतून एक चोच अधाशासारखी पुढे आली. धनेशरावांनाही त्यानंच गाठलं.

पंतांनी नियमपुस्तकात नवी ओळ लिहिली: 'तातडीचं पत्र असल्यास खोकडाशी संपर्क साधावा.'

तात्पर्य: दाराला कुलूप असं घालावं की चोराखेरीज कुणालाही उघडता येऊ नये. आणि मग चोराशी सलोख्यानं राहावं.